जुहूची 28 फेब्रुवारी

जुहूच्या पृथ्वी थिएटरात उस्ताद झाकिर हुसेन 28 फेब्रुवारीला तबला वाजवायचे. 1985 साली सुरू झालेला हा रिवाज त्यांनी कितीतरी वर्षं सांभाळला. ती तारीख हे थिएटर उभारणाऱ्या अभिनेत्री जेनिफर केंडल कपूर यांच्या वाढदिवसाची. सप्टेंबर 1984 मध्ये कर्करोगानं त्या गेल्या. 'हीट अँड डस्ट' या चित्रपटात त्या होत्या, शशी कपूर होते आणि झाकिरभाईही. त्यांनी त्यात भूमिका केली होती. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी गाणं-बजावणं होतं ते बहुतेक पुण्यतिथीला. इथं वाढदिवस निवडला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पृथ्वीराज कपूर यांची 'पृथ्वी थिएटर्स' ही 1944 सालची फिरती नाटक कंपनी. तिला स्वतःचं नाट्यगृह नव्हतं. 1972 मध्ये पृथ्वीराज गेले. पुढे त्यांचे चिरंजीव शशी आणि सून जेनिफर यांनी जुहूला वास्तुरचनाकार वेद सेगन यांच्याकडून थिएटर उभं करून घेतलं. 5 नोव्हेंबर 1978 ला ते सुरू झालं, तेही गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगानं. उपनगरातल्या या रंगमंचाचं पहिलं नाटक मराठी लेखणीतून आलेलं आहे, हे मराठी माणसांनाही फारसं आठवत नाही.

खुर्च्या जेमतेम 200, प्रेक्षक तीन बाजूंना. ज्यांच्यासाठी जगभर मोठाली सभागृहं भरत, ते झाकिरभाई इथं चार हातांवर बसून वाजवायचे. तबल्याला ही जवळीक लागते. चाटीवर बोट कुठं पडलं, बायावर मनगट किती दाबलं, हे डोळ्यांनी दिसलं की कान अधिक उघडतो. मोठ्या मैदानात आवाज पोचतो, हात दिसत नाही.

जुहू समुद्रकाठचं; पण समुद्रकाठच्या संगीत महोत्सवांचा काळ पाश्चात्त्य देशांत उन्हाळा. इंग्लंडातल्या ऑल्डबराचा महोत्सव 1948 पासूनचा, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव 1954 पासूनचा. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरे इथं तीन दिवसांचा पॉप महोत्सव झाला, तेव्हा रविवारची सगळी दुपार एकट्या पंडित रविशंकरांना दिली होती. साथीला झाकिरभाईंचे वडील, उस्ताद अल्लारखा. भीमपलास वाजला, दुपारचाच राग. मग एकतालात तबला एकल आणि धून. त्या महोत्सवावरचा पेनबेकर यांचा चित्रपट याच धुनेवर संपतो.

जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मात्र मे महिना घामाचा आणि जून पावसाचा. दमट हवेत पुडी सैल पडते, स्वर उतरतो, वादकाचा हात सारखा हातोडीकडे जातो. म्हणून मुंबईतल्या मैफलींचा भर हिवाळ्यात, आणि 28 फेब्रुवारी येते ती हा मोसम सरता सरता. जेनिफर यांचा वाढदिवस नेमका तेव्हा येणं हा योगायोग, पण वादकांच्या सोयीचा.

15 डिसेंबर 2024 ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाकिरभाई गेले. 28 फेब्रुवारीच्या तारखेला आता दोन आठवणी जोडलेल्या आहेत. तिला तरुण तबलावादक मिळत राहावेत, आणि तेही याच 200 खुर्च्यांसमोर. गर्दी वाढली म्हणून कार्यक्रम मैदानात नेऊ नये.