पीसी नवा, गणित जुनं. आता करायचं काय?

कॉलेजच्या लॅबमध्ये नवे पीसी आलेत. स्पीड एकदम भारी. पण सीनियर्सनी वापरलेलं, सरांच्या हाताखालचं ते जुनं गणिताचं सॉफ्टवेअर त्यावर उघडतच नाही. डिलीट मारण्याआधी हे वाचा!

'जालना सोने का पालना' हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. आजच्या जालन्याचं सोनं म्हणजे एक स्टील आणि दुसरं बियाणं. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा 'बीडीएन ७११' हा तुरीचा वाण कदाचित तुमच्याही रानात असेल. पण कुठलाही वाण शेतकऱ्याच्या हाती येण्याआधी त्याची परीक्षा होते. प्लॉट पाडायचे, प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी पेरायचा, उत्पादन मोजायचं. मग खरा प्रश्न येतो. हा वाण खरंच सरस आहे, की त्याच्या वाट्याला नुसती चांगली जमीन आली?

याचं उत्तर संख्याशास्त्र देतं. बीएस्सी ॲग्रीवाल्या दोस्तांना 'ॲनोव्हा' आणि 'सीडी' म्हणजे क्रिटिकल डिफरन्स ही नावं पाठ असतील. हे गणित करायला कृषी विद्यापीठांमध्ये एके काळी 'एमस्टॅट-सी'चा दबदबा होता. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेला हा डॉसवरचा प्रोग्राम. लायब्ररीतले जुने प्रबंध चाळले, तर त्याचं नाव भेटू शकतं.

बिघडलंय काय?

खरं तर काहीच नाही. डॉसच्या जमान्यातले बहुतेक प्रोग्राम १६-बिटचे. ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवायची सोय होती, ६४-बिटमध्ये ती काढून टाकली. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच मिळते. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही संपला. म्हणजे फाइल खराब नाही आणि व्हायरसही नाही. खालची जमीन बदललीये, एवढंच.

कधी कधी तर गंमतच होते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडायचे. एररचा अर्थ काय, तर शून्याने भागाकार. पण तसा भागाकार कुठे नसायचाच! प्रोग्राम सुरुवातीला कॉम्प्युटरचा वेग मोजायचा. नवा प्रोसेसर इतका फास्ट निघाला, की उत्तर ठरलेल्या जागेत मावेना. थोडक्यात, प्रोग्राम मेला तो कॉम्प्युटर फार फास्ट होता म्हणून!

मग जुगाड काय?

पहिलं काम, डेटा वाचवा. जुनी मशीन अजून सुरू असेल, तर सगळे आकडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. सॉफ्टवेअर पुन्हा मिळेल, २००४ च्या खरिपाचं उत्पादन पुन्हा मोजता येणार नाही.

दुसरं, 'डॉसबॉक्स' टाका. हा मुळात जुन्या गेम्ससाठी बनवलेला मोफत प्रोग्राम, पण गणितही चालवतो. प्रोग्रामचं फोल्डर त्यात ड्राइव्ह म्हणून जोडायचं. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा, डॉसला लांब नावं झेपत नाहीत. थेट प्रिंट काढायच्या भानगडीत पडू नका, निकाल फाइलमध्ये साठवा. 'एरर २००' आलाच तर डॉसबॉक्सचा वेग कमी करून बघा.

तिसरं, प्रोग्राम जुन्या विंडोजचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन करा. म्हणजे नव्या पीसीच्या पोटात जुना पीसी. लिनक्सवाल्यांसाठी 'वाईन' आहेच. फक्त जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नका. सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉलेजकडे आहे का, हेही आधी विचारून घ्या.

चाललं म्हणजे झालं?

नाही! इथेच खरी मेख आहे. समजा, दोन वाणांच्या उत्पादनात हेक्टरी १.८ क्विंटलचा फरक आहे. सीडी १.७ आली तर नवा वाण सरस. तीच १.९ आली तर दोन्ही सारखेच. निकाल उलटा! म्हणून ज्याचं उत्तर छापील प्रबंधात किंवा पुस्तकात आहे, असं एक उदाहरण आधी सोडवून बघा. पंधराव्या अंकात फरक दिसला तर टेन्शन नको. वेगवेगळे प्रोसेसर आकडे वेगवेगळ्या अचूकतेने धरतात, त्यातून तो येतो. पण फरक दुसऱ्या दशांशातच असेल, तर डेटा तपासा. बऱ्याचदा रिकामी जागा शून्य म्हणून वाचली गेलेली असते. जनावरांनी खाल्लेला प्लॉट आणि शून्य उत्पादनाचा प्लॉट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

कायमचा इलाज

जुनं चालवायचं ते जुनी उत्तरं पडताळण्यासाठी. नवं काम मात्र नव्यावर करा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात जन्मलेलं 'आर' मोफत आहे. शेतीच्या प्रयोगांसाठी त्यात 'ॲग्रिकोले' नावाचं पॅकेज आहे. आयसीएआरच्या गोव्यातल्या संस्थेने तर थेट ब्राउझरमध्ये चालणारं 'वास्प' बनवलं. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी 'सायलॅब' आणि 'ऑक्टेव्ह' आहेत.

शिकवणार कोण, असं विचारताय? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अशा सॉफ्टवेअरचे मोफत धडे आहेत, त्यातले कितीतरी मराठीत! तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाने कॉलेजच्या लॅब मोफत सॉफ्टवेअरवर आणायला मदत केली. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सायलॅबमध्ये सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधनही दिलं.

'आर'चा आणखी एक फायदा. तुम्ही केलेली प्रत्येक पायरी साध्या टेक्स्टमध्ये राहते. उद्या विंडोज १५ येवो नाहीतर २०, ती फाइल उघडेल आणि वाचताही येईल.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. डिपार्टमेंटच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला तो पीसी भंगारात जाण्याआधी सरांना विचारा, 'सर, यात काय आहे?' आणि ते रिटायर व्हायच्या आत सगळं समजून घ्या.