समुद्राचं पाणी गोड करायला वीज किती लागते? गारगाई खोऱ्यातल्या गावांनी समजून घ्यावा असा हिशेब

वाडा : गारगाई धरणाचा विषय निघाला की पारावर एक प्रश्न हमखास येतो. मुंबईच्या उशाला एवढा समुद्र आहे, मग तेच पाणी गोड करून का पीत नाहीत? आमची गावं कशाला बुडवता? प्रश्न रास्त आहे. मुंबई महापालिकेचा मनोरीचा प्रकल्प याच विचारातून आला. रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असा. मनोरीकडे वळताना गारगाई बाजूला ठेवलं गेलं होतं, नंतर ते पुन्हा पुढे आलं. यात पैसा आहे, राजकारण आहे, पण दोन्हीच्या खाली विजेचा हिशेब आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

आजच्या चांगल्या प्रकल्पात समुद्राचं १,००० लिटर पाणी पिण्याजोगं करायला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. ही वीज कुठे जाते, ते आधी पाहू.

चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवलं की भांड्यात पाणी सुटतं. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि त्यांची ही ओढ साधारण २७ बार इतकी भरते. पाणी गोड करायचं म्हणजे ही ओढ मोडून पाणी उलट्या दिशेने पातळ पडद्यातून दाबून काढायचं. पडदा पाणी सोडतो, मीठ अडवतो. गावातल्या आरओमध्ये हेच होतं, फक्त बोअरच्या पाण्यात क्षार फार कमी असल्याने तिथे थोड्या दाबात भागतं.

आता कुणी म्हणेल, २७ बार लागतात तर २८ बारचा पंप बसवा. तसं चालत नाही. गोडं पाणी निघत जातं तसं मागे उरलेलं पाणी जास्त खारट होतं. निम्मं पाणी काढलं की उरलेल्यातला खारटपणा दुप्पट होतो आणि ओढही ५४ बारच्या घरात जाते. म्हणून पंप ५५ ते ७० बारचा लागतो. ६० बार धरले तरी ६०० मीटर हेड झालं, म्हणजे जवळपास २,००० फूट खोल बोअरमधून पाणी उचलण्यासारखं. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

बरं, १०० लिटर आत ढकलले तर गोडं पाणी ४० ते ४५ लिटरच मिळतं. बाकीचं खारं पाणी परत समुद्रात जातं, आणि जाताना जवळपास तेवढाच दाब घेऊन जातं. पूर्वी ही ताकद बरीचशी वाया जायची. मग त्या झोतावर कोयनेच्या वीजघरात असतात तशी पेल्टन चाकं फिरवून थोडी वसुली सुरू झाली. आता त्याहून सोपी युक्ती आहे. चिनीमातीसारख्या कडक पदार्थाचं, लांब नळ्या असलेलं एक फिरतं भांडं असतं. त्यात बाहेर जाणारं खारं पाणी आत येणाऱ्या पाण्याला थेट ढकलतं आणि आपला दाब त्याला देऊन टाकतं. रहाटाच्या दोन बादल्यांसारखं, खाली जाणारी बादली वर येणारीला मदत करते. या यंत्रात ९५ टक्क्यांच्या आसपास दाब परत मिळतो. विजेचा आकडा खाली आणण्यात याचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा पडद्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळ भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास असा पडदा केला, ज्यातून मीठ अडून पाणी कामापुरतं वेगाने बाहेर येऊ लागलं. पुढे त्याहून पातळ थराचे पडदे आले. १९७० च्या दशकात १,००० लिटरला दहाच्या वर युनिट लागत, ते आज ३-४ वर आहे. चेन्नईने मिंजूरला २०१० मध्ये आणि नेम्मेलीला २०१३ मध्ये रोज १०० दशलक्ष लिटरचे असे प्रकल्प सुरू केले.

हा आकडा आणखी किती उतरेल? फार नाही. निम्मं पाणी काढायचं तर निसर्गाच्या नियमानेच १,००० लिटरला किमान १ युनिटच्या थोडी वर वीज लागते. पडदा कितीही भारी आणा, त्याच्या खाली जाता येत नाही. सोलर लावल्याने युनिट कमी होत नाहीत, फक्त ते वेगळ्या ठिकाणाहून येतात. बचतीला जागा उरली आहे ती पंपात आणि आधीच्या गाळणीत.

आता आपल्या कामाचं गणित. ३.५ युनिटचा दर धरला तर मनोरीच्या २०० दशलक्ष लिटरला रोज ७ लाख युनिट. गारगाईतून ४४० दशलक्ष लिटर मिळणार असं सांगितलं जातं. तेवढंच पाणी समुद्रातून काढायचं तर रोज १५ लाखांवर युनिट. उलट तानसाचं पाणी १८९२ पासून उताराने मुंबईला जातंय. भातसाचं पाणी पिसे इथे उपसावं लागतं, पण तो उपसा ६०० मीटरच्या जवळपासही नाही. शहराची नजर पुन्हा पुन्हा डोंगराकडे का वळते, ते इथे कळतं. मात्र बुडणारं जंगल, जमीन आणि घरं विजेच्या बिलात येत नाहीत, त्यामुळे ही तुलना निम्मीच आहे.

दुसऱ्या बाजूने पाहा. माणशी ५५ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला २७५ लिटर, म्हणजे समुद्राच्या पाण्यावर जेमतेम १ युनिट वीज. पिण्या-वापरण्यासाठी हे अशक्य नाही. शेतीला मात्र विचारूच नका. एका एकरात एक इंच पाणी म्हणजे १ लाख लिटरच्या थोडं वर, त्याला ३६० युनिट. पाच हॉर्सपॉवरची मोटार ९० तास सलग चालवल्यासारखं, तेही फक्त एका पाळीला.

मनोरीचे आकडे कागदावर येतील तेव्हा एक गोष्ट तपासायला हवी. नुसत्या पडद्याच्या टप्प्याचा आकडा २ युनिटच्या आसपास दाखवता येतो. समुद्रातून पाणी उचलणं, गाळणं, पावसाळ्यात खाडीतला गाळ आवरणं आणि शेवटी शहराच्या टाकीपर्यंत चढवणं, हे सगळं धरलंय का, ते विचारावं.