चित्रं निघाली गावाला!

तमाशाचा फड गावोगाव फिरतो, यात्रेत तंबूतलं टॉकीज येतं. मग चित्रांनीच राजधानीत का अडकून पडावं? दीडशे वर्षांपूर्वी रशियातले चित्रकार खरोखरच आपली चित्रं घेऊन शहराशहरांत फिरू लागले.

सुरुवात बंडाने झाली. १८६३ मध्ये पीटर्सबर्गच्या कला अकादमीने सुवर्णपदकाच्या स्पर्धेला विषय दिला : उत्तरेकडच्या पुराणकथांतली देवांची मेजवानी. १४ विद्यार्थी ताडकन बाहेर पडले. म्होरक्या इव्हान क्राम्स्कोय. १८७० मध्ये फिरत्या प्रदर्शनांची संस्था निघाली आणि १८७१ चं पहिलं प्रदर्शन भरलं कुठे, तर त्याच अकादमीच्या दालनांत! पुढे मॉस्को, कीव्ह, खारकीव्ह. ही फिरस्ती १९२३ पर्यंत चालली.

पहिल्याच प्रदर्शनात अलेक्सेई साव्रासोव्हचं एक चित्र होतं. मळकट बर्फ, वाकडेतिकडे बर्च, फांद्यांवर घरटी आणि परतलेले कावळे. ना राजा, ना देव! भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उतरले की इंदापूरकरांना हिवाळा कळतो, तसा रशियात या पाखरांवरून वसंत कळतो. आपल्याच अंगणातलं रोजचं दृश्य चौकटीत पाहण्याचं सुख काही औरच.

याच फिरस्त्यांच्या एका चित्रातली पाइनच्या जंगलातली अस्वलं तर रशियात चॉकलेटच्या कागदावरही पोचली. जंगल रंगवलं इव्हान शिश्किनने, अस्वलं त्याचा मित्र साव्हित्स्कीने. चित्रावर सह्या दोघांच्या होत्या; विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने साव्हित्स्कीची पुसून टाकली! माझ्या मते हा अन्यायच. अस्वलं काढून टाका, चित्रात उरतं काय?

त्यांच्यातल्याच इल्या रेपिनने रक्तबंबाळ मुलाला कवटाळणारा झार इव्हान रंगवला. १८८५ मध्ये त्या चित्राच्या प्रदर्शनावर सरकारी बंदी आली, काही महिन्यांनी उठली.

आणि आपल्याकडे? राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. नंतर तो पुणे जिल्ह्यातच, मळवलीला आला. मूळ चित्र राजवाड्यात राहिलं, तरी त्याची लक्ष्मी-सरस्वती छापून घरोघरी गेली. रशियनांनी चित्र फिरवलं, रविवर्म्याने त्याची छापील प्रत. २०१५ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस संग्रहालयच चाकांवर घेऊन फिरते. बारामती-इंदापूरच्या शाळांनी तिला हक्काने बोलवावं.