किरणांस दार हवें

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर येथें घरांना दारें व कुलुपें न लावण्याची प्रथा सर्वांस ठाऊक आहे. तेथें श्रद्धा राखण करते. क्ष-किरणांच्या खोलीस मात्र दार हवेंच, आणि तेंही शिशाचा पत्रा घातलेलें. कारण हे किरण कोणाची भीड धरीत नाहींत. ते दिसत नाहींत, त्यांस वास नाहीं, त्यांचा चटकाही तत्काळ जाणवत नाहीं. जेथें इंद्रियें सूचना देत नाहींत, तेथें शिक्षणानेंच सावध व्हावें लागतें.

म्हणून अशा ठिकाणीं काम करणारांस तीन गोष्टी प्रथम शिकवितात : किरणांजवळ थोडाच वेळ थांबावें, शक्य तितकें दूर उभें राहावें, व मध्यें भक्कम आडोसा ठेवावा. लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केलें कीं मारा चौथाईवर येतो. छातीवरील बिल्ला अंगास लागलेल्या किरणांची नोंद ठेवितो. कामगारास पांच वर्षांच्या सरासरीनें दरसाल २० मिलिसीव्हर्टची मर्यादा मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळानें घालून दिली आहे.

२०१० सालीं दिल्लीच्या मायापुरी भागांत भंगारांत आलेलें कोबाल्टचें यंत्र अजाणतां फोडलें गेलें. एकाचा प्राण गेला व कित्येक आजारी पडले. त्या कामगारांत धैर्याची उणीव नव्हती. आपल्या हातीं काय आलें आहे, हें ज्ञान त्यांस नव्हतें.

विद्यार्थ्यांनो, पिंवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचें चिन्ह दिसल्यास त्या वस्तूस हात लावूं नका; दूर होऊन वडील माणसांस सांगा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, क्ष-किरणांच्या खोलीबाहेर थांबण्यास सांगितल्यास रागावूं नये. तो आज्ञा करणारा मनुष्य आपलें शिक्षण पाळीत असतो.