कुरणशाळा : गुरांमागे गेलेली शाळा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर बहरले. तिथली आदिवासी मुले दिवसभर गुरे राखत, त्यामुळे शाळेत येणे त्यांना जमत नसे. मग शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना मुले खडे, बिया, पाने मोजत गणित शिकत. झाडे, पाखरे, पाऊसपाणी यांवर गप्पा होत. गुरे राखणे हा शिक्षणातला अडथळा न मानता त्यालाच शिक्षणाची जागा मानले, हे या प्रयोगाचे खरे मोठेपण. रानाची जाण मुलांकडे आधीच होती. तिला अक्षरांची जोड मिळाली. अंगणवाडीची मूळ कल्पनाही ताराबाईंच्याच कामातली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.