माग काढणारा कुत्रा : पडद्यावर आणि रानांत

बोलपटांतील एक देखावा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. नायक धांवत ओढ्यांत शिरतो, चार पावलें पाण्यांतून जातो, आणि मागावरील कुत्रे कांठावर घुटमळतात. ‘आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ या १९३२ च्या अमेरिकन बोलपटांत तर पळालेला कैदी नळीनें श्वास घेत पाण्याखालींच लपतो. दुसरा देखावाही तितकाच परिचित: पोलिसांचा कुत्रा गर्दींत एका मनुष्यावर भुंकतो, आणि तोच गुन्हेगार ठरतो. पहिल्यांत कुत्रा अगदींच दुबळा, दुसऱ्यांत सर्वज्ञ! कथानकांतील हीं दोन्ही छिद्रें, वास म्हणजे काय हें न समजल्यामुळें पडलीं आहेत.

मनुष्याच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण अखंड झडत असतात. ते वाऱ्यावर तरंगत भोंवतालच्या मातीवर व गवतावर बसतात. पायांखालीं चिरडलेल्या गवताचा वासही त्यांत मिसळतो. कुत्रा माग काढतो तो या मिश्रणाचा. समजा, बारामतीजवळच्या मळ्यांत चोरी करून चोर नीरा डावा कालवा उतरून इंदापूरच्या दिशेनें पळाला. वाहतें पाणी कांहीं कण नेईल हें खरें. परंतु कांहीं कांठच्या गवतावर राहतात, आणि चोराला कोठें तरी बाहेर यावेंच लागतें. शिपाई कुत्र्यास दोन्ही कांठांनीं फिरवितो आणि तुटलेला माग पुन्हा जोडतो. ऋग्वेदांतील सरमा ही देवांची कुत्री रसा नदी ओलांडूनच पणींनीं लपविलेल्या गाईंपर्यंत पोहोंचली होती!

मागाचे खरे शत्रु निराळेच आहेत. उंसाच्या ओलसर, सावलीच्या फडांत वास रेंगाळतो. इंदापूरकडील उघड्या माळावर दुपारच्या उन्हांत व वाऱ्यांत तो लवकर विरतो. बघ्यांचे शेंकडों पाय माग तुडवितात. चोर मोटारींत बसला कीं माग बहुधा सडकेवरच संपतो. बोलपटांत मात्र सारा गांव जमून गेल्यावर, दुसऱ्या दिवशीं भर उन्हांत कुत्रा आणतात, आणि तो सरळ चोराच्या दारीं जातो.

दुसरें छिद्र अधिक घातक आहे. कुत्रा एखाद्याच्या दारीं थांबला, तर त्या घरच्या मनुष्याचा वास घटनास्थळीं होता, एवढेंच फार तर सुचतें. तो तेथें केव्हां व कशासाठीं गेला, हें कुत्रा सांगत नाहीं, आणि त्याची उलटतपासणीही घेतां येत नाहीं. त्या मळ्यांत रोज मजुरीस जाणाऱ्या गड्याचा वास तेथें असणारच! महाराष्ट्रांतील एका खटल्याच्या अपिलांत १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, कुत्र्यानें काढलेल्या मागास पुरावा म्हणून सामान्यतः फारसें वजन नसतें, असें स्पष्ट केलें. बोलपटाचा धडा गांवानें खरा मानला, तर न्यायालयापूर्वींच एखादा निरपराधी मनुष्य चोर ठरावयाचा.

म्हणून चोरी झाल्यास प्रथम गर्दी दूर ठेवावी व कुत्रा लवकर आणूं द्यावा. तो जेथें थांबेल तेथून पोलिसांचा तपास पुढें चालतो. तेथें तो संपत नाहीं.