सांध्यातून अंगच्छेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतच्या यावलच्या केळीच्या मुलखात ज्याचा चरितार्थ पायांच्या बळावर चालतो, त्याचा पाय गुडघ्याच्या सांध्यातून अलग करावा लागेल असे शस्त्रवैद्याने सांगताच, सांधा निखळून काढणे हा घाईचा इलाज असून त्यापेक्षा मांडीत कापलेले बरे, अशी समजूत आप्तांच्या मनात सहज घर करते. वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. सांध्यातून छेद घेताना मांडीचे हाड करवतीने कापावे लागत नाही, मांडीचे स्नायू मधोमध छाटले जात नाहीत, आणि हाडाचे मूळचे रुंद टोक कायम राहिल्याने देहाचा भार त्यावर थेट पेलता येतो. मांडीत कापलेल्या हाडाच्या अरुंद टोकाला तो सोसत नाही. बालकांच्या बाबतीत तर हा भेद निर्णायक ठरतो, कारण मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्यालगतच्या भागातून होते, आणि कापलेले हाड वाढत्या वयात कातडीला टोचू लागून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका सांध्यातील छेदात टळतो. गुडघाच वाचण्याजोगा असेल तर तो अवश्य वाचवावा, कारण मग चालण्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. सांध्यातील छेदानंतर कृत्रिम गुडघा दुसऱ्या गुडघ्याहून किंचित खाली येतो खरा, परंतु हा दोष मला गौण वाटतो.

गेलेल्या पायाची बोटे दुखतात, असे रुग्ण म्हणाला की त्यास भ्रम किंवा बाहेरची बाधा मानणे हा त्याच्यावर मोठा अन्याय होय. ही वेदना मज्जातंतू व मेंदू यांच्यात खरोखर उत्पन्न होते. आंब्रोझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने सोळाव्या शतकातच तिची नोंद केली आहे, आणि तिच्यावर उपचारही आहेत.

पाय गेला म्हणजे कष्टाची उमेद संपली, हेही खरे नव्हे. जायबंदी सैनिकांसाठी पुण्यात 1944 साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पुढे जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेले रबरी पाऊल तर अनवाणी, चिखलातून चालणाऱ्या माणसासाठीच होते.

मात्र शस्त्रक्रियेनंतर रुग्णास आराम पडावा म्हणून घरची माणसे मायेने मांडीखाली उशी ठेवतात, ती ठेवू नये. तशाने खुब्याचा सांधा वाकलेलाच आखडतो आणि कृत्रिम पाय बसविणे दुष्कर होते. वैद्यांनी मुभा दिल्यावर रुग्णास दिवसातून काही वेळ पालथे निजवावे.